हिरूमावशीचा वकील

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. इतकी वर्षं एका छपराखाली राहतो, माझं सगळं तिला कळतं — घोरणं, चिडणं, देवळात जायचा आळस — पण हे नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय आणि सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. आधी स्वतःचं कौतुक करतो. ते मला नेहमीच चांगलं जमतं.

तर, माझं अक्षर सुरेख होतं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी कारकून होतो. साहेबांची पत्रं मी लिहायचो, शेजारच्या कुंभवली गावातल्या निम्म्या लोकांचे अर्ज मी लिहायचो. त्यामुळे नवापूरचं आमचं घर आणि त्यामागची नारळाची जागा विकायची ठरली, तेव्हा मी कारखान्यात सगळ्यांना ऐकवलं, ‘वकील कशाला? खरेदीखत मी स्वतः लिहिणार.’ ऐंशीनंतरची गोष्ट. रोज सायकल हाणून जीव मेटाकुटीला आला होता, बायकोला बोईसरला ब्लॉक हवा होता. खरं सांगू? मलाही हवा होता.

जुनं एक खरेदीखत मिळवलं, त्यावरून शब्द उचलले. सातबारा काढला, फेरफार काढला, मुद्रांक आणला. पालघरच्या रजिस्ट्रार कचेरीत खेटे घातले. तिथला कारकून म्हणाला, ‘वा, कोणाकडून लिहून घेतलंत?’ मी छाती फुगवून म्हणालो, ‘मीच.’ हा ‘मीच’ लक्षात ठेवा, कारण पुढे तो मी गिळून टाकला.

आमच्या जागेच्या मागे, अगदी वाळूला लागून, हिरूमावशीचं घर. सख्खी मावशी नव्हे. मांगेल्या कोळ्यांची, नवरा दर्यात गेलेला, एकटी. पहाटे मासळीची पाटी डोक्यावर घेऊन आमच्या माडांमधून सरळ रस्त्यावर यायची आणि पहिली एस्टी पकडून बोईसरच्या बाजारात बसायची. ती वाट माझ्या आजोबांनी तिच्या सासऱ्याला तोंडी दिलेली. कागद नाही, सही नाही. फक्त दर नारळी पुनवेला दर्याला नारळ वाहून झाला की तिच्या घरचं कोणीतरी एक नारळ आमच्या ओट्यावर आणून ठेवायचं. वाटेचा नारळ म्हणायचे त्याला. आम्ही तो घेतला की वाट वर्षभर चालू. आमच्याकडे व्यवहार असेच चालायचे, आणि कोणी कधी फसलं नव्हतं.

विकत घेणारा शेट बोईसरचा कारखानदार. जागा बघताना त्यानं एकच गोष्ट विचारली — ‘किसी का रास्ता-वास्ता तो नहीं ना? होगा तो मेरे को नहीं चाहिए.’

मी ‘नहीं’ म्हणालो.

तोंडातून निसटलं असं म्हणता आलं असतं. पण रात्री कंदिलाशेजारी बसून मी चतुःसीमा लिहिल्या — पूर्वेस रस्ता, पश्चिमेस हिराबाईंचं घर — आणि खाली माझ्या त्या सुरेख अक्षरात लिहिलं, की सदर मिळकतीतून कोणाचीही वहिवाट नाही. लेखणी अडली का? नाही हो. कुठेही खाडाखोड नाही.

नोंदणी व्हायच्या आधीच नारळी पुनव आली. मावशी आली. नवीन लुगडं, केसांत अबोलीची वेणी. तिनं ओट्यावर नारळ ठेवला आणि म्हणाली, ‘घेतलास ना रं, बाबू?’ मी घेतला. खरेदीखत आत कपाटात तयार होतं आणि मी तो नारळ दोन्ही हातांनी घेतला! मी काय म्हणायला हवं होतं? तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं.

आम्ही बोईसरला गेलो. शेटनं भिंत घातली, वर काचा लावल्या. मावशीला आता खाडीच्या कडेनं चिखलातून फेरा पडायला लागला, आणि भरतीला तर तीही वाट पाण्याखाली. एस्टी चुकायची, बाजाराला उशीर व्हायचा, मासळी नरम पडायची. ती शेटकडे गेली, त्यानं तिला कागद दाखवून परत पाठवलं. मग ती माझ्याकडे आली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

‘कागदात वाट नाय लिवली का रं, बाबू?’

आणि मी — अक्षराचा गर्व असलेला मी — म्हणालो, ‘मावशी, कागद पालघरच्या वकिलानं केले. त्यानंच गाळलं. मला कायद्यातलं काय कळतंय?’

‘कोन वकील?’

मी एक नाव सांगितलं. जे पहिलं सुचलं ते.

मला वाटलं, विषय संपला. दुरुस्तीपत्र करता येतं हे मला पक्कं ठाऊक होतं. शेटला तोंड दाखवायचं, खोटं बोललो म्हणायचं, बस. पण त्यानं व्यवहारच मोडला असता तर? ब्लॉकमध्ये बायकोनं नुकते पडदे लावले होते. मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो. पाय उचलेना.

मावशी मात्र पालघरला गेली. बाजार बुडवून गेली. कोर्टाबाहेर उभी राहून काळ्या कोटातल्या प्रत्येक माणसाला ते नाव विचारत राहिली. मला हे कामावरच्या एकानं हसत हसत सांगितलं — तुमच्या गावची एक म्हातारी वकील शोधत फिरतेय म्हणे. मीही त्याच्याबरोबर हसलो. ती पुन्हा गेली. त्यानंतर पुन्हा गेली. तेव्हाही मी बोललो नाही. शेवटी तिनं पाटी मोडली, बाजार कायमचा सोडला. घराशीच जाळी शिवायला घेतली. पुढे ती वारली तेव्हा मी खांदा द्यायला होतो, सगळ्यांनी ते पाहिलं. पण पालघरच्या शेवटच्या त्या फेरीनंतर काय झालं, ते राहिलंच.

त्या संध्याकाळी ती पालघरहून थेट आमच्या ब्लॉकवर आली. दार मीच उघडलं. तिचा चेहरा बघितला आणि मला वाटलं — हिला कळलं. ती खाली फरशीवर बसली, पाणी प्यायली. म्हणाली, ‘त्या नावाचा वकील पालघरात नायच रं, बाबू. कंदी नव्हताच.’

मी भिंतीला टेकलो. आता बोल, आता तरी बोल, असं आतून कोणीतरी ओरडत होतं.

‘मेल्यानं तुला नाव पन खोटं सांगितलं,’ ती म्हणाली. ‘तू भोळा. तुला फशिवला त्यानं.’ आणि माझ्या गालावरून हात फिरवून तिनं कानशिलाशी बोटं मोडली.

मी म्हणालो, ‘होय गं मावशी.’

मग तिनं पिशवीतून एक पुडकं काढलं. वकिलाला द्यायला दर खेपेला नेलेले सुके बोंबील. ‘आता कोनाला देऊ? तुमीच खावा,’ म्हणाली, आणि शेवटची एस्टी गाठायला उठली.

बायकोनं ते रात्री भाजले. मी जेवलो. आणखी एक मागून घेतला.