भरल्याशिवाय सुटत न्हाई

थांबा, आधी हे सांगू द्या! आत्ता विमानानं गावी आलेय, बॅग अजून दारातच पडलीय, पण सांगितल्याशिवाय चैन पडणार न्हाई.

बॉनेटवर दोन थापा, धप धप, अन् आरोळी, "एक सीट! फक्त एक सीट!" हे आमचे शेजारचे काका. घनसावंगीच्या स्टँडवर त्यांची जीप असायची. आत चार जागा रिकाम्या असल्या तरी आरोळी एकाच सीटची. कुणी टोकलं तर म्हणायचे, "एक एक करूनच भरती ना माय."

मला हैदराबादला पहिली नोकरी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी हजर झाले न्हाई तर जागा दुसऱ्याला. विमान संभाजीनगरहून. काका म्हणाले, "मी सोडतो. किती लांब हाये?"

"हवेतून सव्वाचारशे किलोमीटर. सव्वा तास."

काका असे हसले की हातातली तंबाखू सांडली. "सव्वा तास तर मला अंबडला सीटा भरायला लागतो! विमान केवढं मोठं. भरंस्तोर दुपार होती बघ."

"काका, ते भरायची वाट बघत न्हाई!"

"मंग डिझेल काय त्याचा बाप टाकतो? भरल्याशिवाय सुटत न्हाई. बिलकुल न्हाई."

अन् आम्ही थांबत थांबत निघालो. अंबडला दोन बाया घेतल्या. बदनापूरला लग्नाला निघालेला नवरदेवाचा मामा, आहेराच्या परातीसकट. मी रडकुंडीला. "काका, जल्दी!"

"निवांत बस. ते बी भरूनच राह्यलं असंल."

विमानतळावर पोचलो तर वेळ कधीच टळून गेल्ती. मी बॅग घेऊन पळाले. दारावरचा शिपाई म्हणाला, "हैदराबादचं? लेट आहे, अजून आलंच नाही."

मागून जीपमधून काका ओरडले, "म्हन्लं नव्हतं? भरून राह्यलं!" दोन्ही बायांनी अन् मामानं बराबर म्हणून माना हलवल्या.

विमानात बसले तोच काकांचा फोन. "भरलं का?"

"न्हाई, माझ्या शेजारची सीट रिकामी हाये."

"मंग काय, टाइम हाये अजून."

तेवढ्यात विमान हललं. "काका, सुटलं!"

मग हळूच, "खाली सीट घेऊन?"

"हो!"

"नवा दिसतो डायवर. सांग त्याला, बदनापूरला भेटंल एखादं."

काका यंदाच्या उन्हाळ्यात गेले.

आज येताना पुन्हा शेजारची सीट रिकामी. दार लागलं, अन् माझा हात आपोआप समोरच्या सीटच्या पाठीवर. धप धप! तोंडातून "एक सीट!" पण निघून गेलं. समोरचे आजोबा वळून बघतच राहिले. मला हसू येत होतं अन् डोळे भरून येत होते, दोन्ही एकदमच.

तुमचं झालंय का कधी असं? खरं सांगा.