लग्नपत्रिकेत मिथाइल-इथाइल

आता आमच्या घरच्या पत्रिकेचं काय झालं ते ऐकाच, आणि हसायचं असेल तर मलाच हसा.

आमची मयूरी वर्ध्याला बीएस्सीला आहे. मी बारावीपर्यंतच शिकले, पण तिचं पाठांतर मीच घेते. एका संध्याकाळी ती कार्बनच्या साखळ्यांना नावं देत बसली होती. साखळीला फुटलेली फांदी मोठी असो की छोटी, नावं लिहायची ती अक्षरांच्या क्रमानं. इथाइल आधी, मिथाइल नंतर. नावाआधी 'टर्ट' लागलं असेल तर ते क्रमात धरायचंच नाही.

मला तर देवच भेटला! त्याच आठवड्यात मुलाची लग्नपत्रिका छापायची होती, आणि निमंत्रकांत कोणाचं नाव वर यावरून आमच्याकडे दर लग्नात कोणीतरी रुसतंच. म्हटलं, रसायनशास्त्रात भांडण नाही, मग आपल्यातच कशाला? लावली सगळी नावं अक्षरक्रमानं. डॉक्टर, वकील वगैरे 'टर्ट' समजून क्रमात धरलेच नाहीत.

पत्रिका वाटल्या. सगळ्यात वर कोण? अजाबराव. यांचे लांबचे चुलतभाऊ, शेताच्या धुऱ्याबांधावरून भांडून बोलणं टाकलेले. एवढा मान पाहून ते गहिवरले, आणि लग्नाच्या कितीतरी आधी सामानासकट येऊन आचाऱ्याला हुकूम सोडू लागले.

आणि सगळ्यात खाली? 'ज्ञ'मुळे माझे थोरले भासरे, ज्ञानेश्वरभाऊजी. ज्यांनी वडिलांच्या मागे यांना शिकवलं, ते. पुलगावहून निरोप आला, मी लग्नाला येत नाही. यांनी जेवणच सोडलं. म्हणाले, दादा नसेल तर मी मांडवात पाय ठेवणार नाही.

मग मी आणि मयूरी पुलगावला गेलो. मी चहाला हात न लावता भाऊजींना इथाइल, मिथाइल सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे मी काय कार्बन होय का?"

"नाही भाऊजी, तुम्ही फांदी."

मयूरीनं मला चिमटा काढला. भाऊजी रागारागानं पत्रिका पुन्हा वाचू लागले आणि मधेच थांबले.

"शोभा, तुह्यं नाव कुठं हाय यात? पोराची माय, अन् नावच नाई?"

मी पत्रिका ओढून घेतली. वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. खरंच नव्हतं. सगळ्यांचा क्रम लावता लावता मी मलाच विसरले होते!

भाऊजींना हसता हसता ठसका लागला. "जिनं सोतालेच गायब केलं, तिच्यावर काय रागावू? येतो मी."

परतताना एसटीत मी मयूरीला विचारलं, असं कसं गं झालं माझ्याकडून?

पुस्तकातून मान वर न करता ती म्हणाली, "नियमानंच झालं, आई. हायड्रोजनचं नाव कोणी लिहीत नाही. तो सगळीकडे चिकटलेला असतोच."