यजमानाचा जादा मल्ल

ऑलिंपिकच्या निवड-चाचण्या कुठल्या शहरात घ्यायच्या हे कसं ठरतं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगते: आधी ठरतं, मग बघायला येतात. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. किंमत माझ्या थोरल्या भावानं दिली, आणि ज्या कागदापायी ती द्यावी लागली तो कागद मी टाइप केला होता.

आम्ही संगमनेरचे. मी एका वकिलाकडे टायपिस्ट होते. इंग्रजी टाइप करणारी मुलगी आमच्या पेठेत मी एकटीच, त्यामुळे थोडी शेफारलेलीही होते. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आणि आमच्या तालमीचा पहिल्या नंबरचा मल्ल. बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती, खिडक्यांच्या काचांवर चिकटवलेले काळे कागद अजून निघाले नव्हते, आणि म्युनिकचं ऑलिंपिक सात-आठ महिन्यांवर आलं होतं. त्याच्या पुढच्या ऑलिंपिकपर्यंत दादा बत्तीस वर्षांचा झाला असता. बत्तीस वर्षांचा मल्ल जत्रेत पंच म्हणून शोभतो.

दादाच्या वजनगटात राज्याकडून जाणारा मल्ल आधीच ठरला होता. म्हणजे दादाचा रस्ता बंद. पण वस्तादांनी पुण्याहून बातमी आणली, की ज्या गावात चाचण्या होतील त्या गावाला प्रत्येक वजनात आपला एक जादा मल्ल उतरवता येतो. चाचण्या संगमनेरात आल्या तर दादा लढणार, नाही आल्या तर घरी बसणार. त्या दिवसापासून आमच्या घरात आणि तालमीत दुसरा विषय नव्हता.

यजमानपदाचा अर्ज मीच केला. उलट टपाली एक लांबलचक प्रश्नावली आली. तिच्यात कुस्तीबद्दल फार थोडं होतं. हॉल किती लांब-रुंद, उतरायला खोल्या किती, संडास कुठल्या पद्धतीचे, पाण्याची सोय काय, आणि सगळ्यात वर, रेल्वे स्टेशन किती अंतरावर. आमच्या गावाला तेव्हा रेल्वे नव्हती आणि अजूनही नाही. वस्ताद म्हणाले की मल्ल काय मालगाडीनं येणार आहेत का, नाशिक-पुणे रस्ता दारातून जातो तेवढं लिही. मी लिहिलं.

कमिटी गाव बघायला येणार असं कळलं आणि पेठ कामाला लागली. चाचण्या गादीवर होणार होत्या, म्हणून नाशिकहून गादी मागवली, कॉलेजच्या हॉलमध्ये अंथरली. हे झालं नियमाचं. पण पाहुण्यांना तालीम दाखवायची म्हणजे माती दाखवायची, हा आमचा धर्म. माती नव्यानं चाळली, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस मुरवला. त्या साली पाऊस हात राखून पडला होता, दुभत्याची बोंब होती, तरी घरोघरच्या बायांनी ताकाचे तांबे तालमीच्या उंबऱ्यापर्यंत आणून दिले. उंबऱ्याच्या आत आम्हा बायकांना मज्जाव. ज्या मातीत माझ्या घरचं ताक जिरलं ती माती मी आजवर पाहिलेली नाही.

प्रश्नावलीत शेवटी एक रकाना होता: यजमान गावाचे मल्ल आणि त्यांची आजवरची कामगिरी. ती यादी वेगळ्या कागदावर, कमिटी आली की हातात द्यायची होती. वस्ताद म्हणाले, पोराची यादी अशी कर की वाचणाऱ्यानं गप बसलं पाहिजे. आता आमच्याकडे मल्लाची कामगिरी सांगायची रीत एकच. कुठल्या जत्रेत, कुणाशी, किती वेळात, आणि इनाम काय. ज्याचं इनाम मोठं तो मल्ल मोठा. सर्टिफिकिटं कुणी देत नव्हतं आणि गुण कुणी मोजत नव्हतं. मी दादाला समोर बसवलं आणि एकेक कुस्ती विचारून घेतली.

मी वकिलाकडची. मोघम लिहायचं नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं. इनाम म्हणजे काय, फेटा की नारळ की रोख, असं मी प्रत्येक ओळीला दादाला विचारलं. तो बिचारा आठवून सांगत होता. बहुतेक ठिकाणी रोख होतं, तसं मी लिहिलं. राजूरच्या यात्रेतली एक कुस्ती बरोबरीत सुटली होती आणि रोख इनाम दोघांत वाटून दिलं होतं. ती जिंकलेली नाही म्हणून मी गाळायला निघाले.

"लिव्ह," दादा म्हणाला. "बरोबरीत सुटली तर तसं लिव्ह. त्यो पोरगा लई चांगला लढला हुता, त्याचंबी नाव टाक."

टाकलं. आणि मग मी जे केलं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. कोर्टाच्या कागदाखाली असतो तसा मजकूर यादीखाली टाइप केला, की वर लिहिलेलं सर्व माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे, आणि दादाची सही घेतली. माझ्या मते त्यानं कागदाला वजन आलं होतं.

कमिटीत तिघे होते. दोघे वयस्कर, त्यांना हॉलपेक्षा जेवणात रस. तिसरा पन्नाशीचा, बुशशर्टातला, हातात वही. सगळं तोच विचारायचा. गादी त्यानं पायानं दाबून पाहिली. तालमीत गेला, पण म्हणे आत न उतरता काठावरूनच परत आला, बुटाला माती लागेल म्हणून. वस्तादांनी त्यांना फेटे बांधले, शाली दिल्या. मग कॉलेजच्या व्हरांड्यात पंगत बसली. मी वाढायला होते. पुरणपोळीवर तूप घेताना बुशशर्टवाल्यानं विचारलं की तुमचे मल्ल कोण, आणि वस्तादांनी मला हाक मारून यादी आणायला सांगितली.

जेवण थांबवून त्यानं ती वाचली. एके ठिकाणी त्याचं बोट थांबलं. राजूरच्या ओळीवर. त्यानं मला विचारलं की हे सगळं नक्की खरं ना. मी म्हणाले, एकन् एक ओळ. त्यानं माझ्या टायपिंगची तारीफ केली, यादीची घडी घालून वहीत ठेवली आणि आणखी एक पोळी मागितली. मी खुशीनं वाढली. तो प्रसंग आठवला की अजूनही माझ्या अंगाची लाही लाही होते.

उत्तर यायला महिना लागला. इंग्रजीत होतं, म्हणून तालमीच्या बाहेरच्या ओट्यावर मीच वाचून दाखवलं. वस्ताद, दादा, पेठेतले आठ-दहा जण. पहिल्या परिच्छेदात आमच्या पाहुणचाराबद्दल आभार होते आणि रेल्वेची सोय नसल्यामुळे चाचण्या दुसऱ्या शहरात घेण्यात येत असल्याचं कळवलं होतं. शहर अर्थातच रेल्वेवरचं. मी तिथं थांबले. कागदाची घडी घालायला लागले.

"खाली आजून लिव्हलंय की," दादा म्हणाला. "तेबी वाच."

वाचलं. ऑलिंपिक हौशी मल्लांसाठी असतं. आपल्या मल्लानं रोख इनामं घेतल्याचं त्यानं स्वतः सही करून कबूल केलं आहे. सबब त्याला कुठल्याही शहराकडून, कुठल्याही वजनात उतरवता येणार नाही, आणि तसं राज्य संघटनेला कळवण्यात आलं आहे. हे सगळं मीच मराठी करून सांगितलं. वस्ताद उठून आत गेले. दादा मला म्हणाला, चल, आई जेवायची थांबली असेल.

दुसऱ्या दिवशी मी ते पत्र वकिलांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, इनाम देशातला प्रत्येक मल्ल घेतो, आणि हे त्या कमिटीलाही ठाऊक आहे. पण ते कागदावर कुणी आणत नाही. तुम्ही आणलंत, वर सही घेतलीत. मी म्हटलं, मोघम लिहू नये असं तुम्हीच शिकवलंत. ते म्हणाले, कोर्टात.

पण खरी मेख पुढेच होती. चाचण्यांच्या आधी वर्तमानपत्रात मल्लांची नावं आली. यजमान शहराचा दादाच्या वजनातला जादा मल्ल म्हणून जे नाव छापलं होतं, ते मी स्वतः टाइप केलेलं होतं. राजूरच्या यात्रेतला, दादाशी बरोबरीत सुटलेला, अर्धं इनाम घेऊन गेलेला. वस्तादांनी चौकशी केली. त्या शहराची तालीम बुशशर्टवाल्याचीच आणि हा पोरगा त्याचा पठ्ठा. म्हणजे त्या माणसानं माझ्याच यादीतली एक ओळ वाचली, तिच्यातला अर्धा भाग दादाच्या गळ्यात अडकवला आणि अर्धा गिळला. वर पोळी मागितली.

माझं डोकं फिरलं. यादीची कार्बन कॉपी माझ्याकडे होती. मी रविवारी ऑफिस उघडून चार पानी तक्रार टाइप केली. एक इनाम, दोघांत वाटलेलं. एक हौशी आणि दुसरा धंदेवाईक, हे कसं? जत्रेच्या पंचांची साक्ष काढता येते, असंही लिहिलं. असा पक्का कागद मी वकिलांसाठीसुद्धा कधी केला नव्हता. संध्याकाळी घरी येऊन दादाला वाचून दाखवला. वाटलं होतं, त्याला बरं वाटेल.

"ह्यानं मला घेतील का?" त्यानं विचारलं.

मी म्हणाले, तुला नाही घेणार, पण त्यालाही लढता येणार नाही.

"मग कशाला? त्यो माझ्याशी लढलाय. त्यानं काय वाकडं केलंय माझं?" मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आन् तू आता कुनाचं काय लिव्हू नगंस. एकदा लिव्हलंस, तेवढं बास झालं."

कागद मी चुलीत घातला. ते बरोबर केलं असं मला आजही वाटत नाही. तालमीची नीत मोठी असेल, पण ती आमच्याच माणसांनी पाळायची आणि बुशशर्टवाल्यांनी त्यावर जेवायचं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. तो पोरगा चाचणीत दुसऱ्याच कुस्तीला हरला. म्युनिकला भलताच कुणी गेला. पुढच्या साली दुष्काळानं तालमीचं दूध-ताक आटलं, माती कोरडी पडली, आणि दादानं लंगोट खुंटीला टांगला.

त्यानं मला कधी बोल लावला नाही. माझ्या लग्नात सगळ्यात जास्त तोच राबला, दर दिवाळीला न चुकता न्यायला आला. पण तेव्हापासून त्याला काहीही लिहून हवं असलं, रेशन कार्डाचा फॉर्म, वीजजोडणीचा अर्ज, लेकीच्या शाळेचा दाखला, की तो पोस्टाबाहेर बसणाऱ्या लिहिणाऱ्याकडे जायचा. माहेरपणाला आलेली मी घरात असायचे, आणि तो कागद खिशात घालून माझ्या समोरून बाहेर पडायचा.