खालून पेलणारा शब्द

धारवाडच्या शाळेत वर्गात आम्ही मुली दोनच होतो. इंग्रजीचे मास्तर लॅटिनचा एखादा धातू घेत आणि त्याचं सगळं गोत फळ्यावर मांडत. त्या दिवशी ‘पोर्ट’ होता, म्हणजे वाहून नेणं. इम्पोर्ट म्हणजे आत आणणं, एक्स्पोर्ट म्हणजे बाहेर नेणं, पोर्टर म्हणजे हुबळी स्टेशनावरचा हमाल.

“आणि सपोर्ट?” मास्तरांनी विचारलं.

“मदत!” मुलं ओरडली.

मला राहवेना. मी उठून म्हटलं, “नाही सर. यातला ‘सप’ म्हणजे मूळचा ‘सब’, म्हणजे खालून. सपोर्ट म्हणजे खालून पेलून धरणं. मदत काय, बाजूला उभं राहूनही करता येते.”

मास्तरांनी माझं उत्तर फळ्यावर लिहिलं. मुलांची तोंडं बघण्यासारखी झाली होती!

त्यांना काय ठाऊक? अप्पा माझी शाळा बंद करायला निघाले, तेव्हा थोरल्या अक्कानं त्यांना ठणकावलं होतं, “हिच्या वाटणीचं सगळं काम मी करीन. ही शिकणार.” तिची स्वतःची शाळा कधीच सुटली होती.

संध्याकाळी आडावर पाणी भरताना तिला सगळं सांगितलं.

“म्हणजे स्टेशनावरचा हमाल आणि मी एकाच गोतातले की गं!” ती हसली आणि भरली घागर डोक्यावर घेऊन ताठ मानेनं घरात गेली.