कोकेताच्या पोटात डिझेल

कान्यो लिंदो गावात जमीन नावाची चीज नाही, सगळं पाणीच. घरं खांबांवर, शाळा खांबांवर, देऊळही खांबांवर. कोंबड्यासुद्धा फळीवरून फळीवर उड्या मारत म्हाताऱ्या होतात. अशा गावात खारफुटी वाचवायला गोड्या पाण्याचा कालवा खणायचं ठरलं आणि कागद आला : ‘यंत्रात डिझेल पाण्यापासून तीस मीटर लांब भरावे.’

"तीस मीटर कुठं लांब?" पोकलेनवाला विल्मान म्हणाला. "वर आभाळात?"

त्या कागदाची राखण दिओसेलिनाकडे होती. जाडजूड, पन्नाशीची, बोलायला लागली की हातवारे करून शेजारच्याची टोपी पाडणारी. गळ्यात शिट्टी, काखेत तेल टिपायचं पांढरं फडकं. डिझेलचा एक थेंब पडायचा अवकाश, ही शिट्टी फुंकत धावलीच. गावानं तिचं नावच थेंबबाई ठेवलं. आपण काहीतरी आहोत असं तिला जन्मात पहिल्यांदा वाटलं होतं, आणि ते ती लपवत नव्हती.

पण तिचा खरा जीव होता कोकेतात. कोकेता म्हणजे तिची शर्यतीची होडी, लाल, निमुळती, नखरेल. जुलैतल्या कार्मेन मातेच्या जत्रेत सहा वर्षं ही जोडी पहिली येत होती आणि तिचा दीर ओबेर सहा वर्षं दुसरा.

जत्रेला चार दिवस असताना कालव्याच्या इंजिनिअर बाईंनी काम थांबवलं. डिझेलच्या पिंपाखाली ठेवायचा लोखंडी ट्रे तीन आठवडे ‘उद्या’ येत होता. "ट्रे नाही तर डिझेल नाही," बाई म्हणाल्या. कालव्याचे शेवटचे चाळीस मीटर उरले होते. पलीकडे नदीचं गोडं पाणी तुंबलेलं, अलीकडे खारफुटी वाळून कोळसा झालेली.

दिओसेलिना तरातरा गेली आणि कोकेताला घेऊन आली. "चढवा हिला पोकलेनच्या तराफ्यावर, पिंपाखाली. जी बाहेरचं पाणी आत घेत नाही, ती आतलं डिझेल बाहेर सोडेल होय?"

इंजिनिअर बाईंनी होडीत काठोकाठ पाणी भरलं आणि तासभर घड्याळ घेऊन बसल्या. खाली टिपूससुद्धा नाही. बाईंनी सही केली.

"ताई, शनिवारी संध्याकाळी परत देतो, धुऊन पुसून," विल्माननं आईची शपथ घेतली.

शनिवारी शेवटचं डिझेल भरताना पिंपाची तोटीच निखळली. भळाभळा! दिओसेलिना शिट्टी फुंकतेय, नाचतेय, ओरडतेय, "पड बाई, पड! सगळं आत पड!" अख्खं पिंप कोकेताच्या पोटात. मग तिनं तराफ्याच्या चारी बाजूंनी पाण्यात फडकं फिरवलं. पांढरं गेलं, पांढरं आलं. तिनं विल्मानला कडकडून मिठी मारली, तो जवळजवळ पाण्यातच गेला.

डिझेल उपसलं, लाकूड घासलं, तीनदा धुतलं, धुवणसुद्धा पिंपात भरलं. तरी फळ्यांना वास तो वासच. डिझेल लाकडात मुरलं होतं. ही होडी पाण्यात उतरली की मागे रंगीत तवंग सोडत जाणार, हे कळायला दिओसेलिनाला कागदाची गरज नव्हती. ती कोकेताजवळ बसली आणि हमसून हमसून रडली.

"वहिनी, उतरव गं," ओबेर हळूच म्हणाला. "एवढ्या पाण्यात कोण बघतंय?"

"मी बघतेय ना, भावजी."

पोकलेननं त्याच संध्याकाळी शेवटचा बांध फोडला आणि नदीचं गोडं पाणी कालव्यात शिरलं.

रविवारी ढोल, तळलेले मासे, चाळीस होड्या आणि सगळ्यांच्या मागे दिओसेलिना, बर्फ ठेवायच्या दार नसलेल्या जुन्या फ्रिजमध्ये बसून! गावात रिकामं तेवढंच उरलं होतं. वल्हं मारलं की फ्रिज जागच्या जागी गरगरायचा. काठावरची माणसं पोट धरून हसत होती आणि सगळ्यांत मोठ्यानं ती स्वतः हसत होती. ओबेर जिंकला, एकटा जिंकायला कंटाळला, आणि उलटा फिरून तिच्याकडे आला.

"वहिनी, शेवटची आलीस!"

"अजून आले कुठंय?"

नव्या कालव्यात, जिथं काल तराफा उभा होता तिथं, तिनं वल्हं ठेवलं. ओंजळ भरली आणि तोंडाला लावली.

"अगं, इथं डिझेल भरत होते!" ओबेर किंचाळला.

"म्हणून तर." तिनं ओठ पुसले. मग गळ्यातली शिट्टी अशी फुंकली की देवळावरचे बगळे उडाले. "गोडंय रे! प्या!"

ओबेरनं तिच्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि ओंजळ बुडवली.