चाकाला शिस्त लावताना

नातीच्या निवडीच्या आदल्या दिवशी मी तिच्या रेसिंग सायकलचं मागचं चाक स्वतःच्या हातांनी आवळून ठेवलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. उलट हात लावू नकोस, असंच सांगितलं होतं. पण तेव्हा मी तरुण होते, साठी नुकतीच ओलांडलेली, आणि त्या वयात माणसाला दुसऱ्याचं कमी ऐकू येतं.

मी तेव्हा धुळ्याला मुलाकडे राहत होते. नात तिथेच कॉलेजला होती आणि जिल्ह्याच्या सायकल संघात घुसायचं म्हणून जिवाचं रान करत होती. रोज पहाटे लळिंगच्या घाटात जायची. निवडही त्याच घाटात व्हायची होती. तिने वर्षभर गोडाला शिवणं सोडलं होतं. घरात खापरावरचे मांडे झाले तरी ही काकडी खात बसायची. एकदा तिने बापाला सांगितलं की चढावर उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक ब्रेकच्या रबराला घासतं. बापाने ऐकून सोडून दिलं. मी सोडून देणाऱ्यातली नाही, हे माझ्या सासरी जळगावला अजूनही सांगतात. कौतुकाने नव्हे.

"चाक घासतं म्हणजे ढिलं आहे," मी निदान केलं.

"ढिलं नाही आजी, लवतं," ती म्हणाली. "मी उभी राहून जोर लावते तेव्हा सायकल दोन्हीकडे झुलते. चाक खाली रस्त्याला टेकतं तिथे एका बाजूला ढकललं जातं, मग वरचा भाग दुसऱ्या बाजूला जातो आणि ब्रेकला लागतो. सगळीच चाकं थोडी लवतात."

"मग स्पोक आवळ की."

"आवळलं तरी तेवढंच लवतं. स्पोक किती आहेत, किती जाड आहेत, रिंग किती भक्कम आहे, त्यावर असतं ते. मी ब्रेकचे रबर जरा लांब करणार आहे. तू हात लावू नकोस."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, कालची पोर मला ताण शिकवते.

कारण ताण हा माझा विषय. लग्न होऊन जळगावला आले तेव्हापासून घरातल्या सगळ्या बाजा मीच आवळायची. पायाकडची दोरी ओढायची, गुडघा लावायचा, पुन्हा ओढायची. मामंजी माझ्या बाजेवर झोपलेले दिसत नसत, वाळत घातलेले दिसत. एकदा तर मी एक बाज इतकी आवळली की चौकट पिळली आणि एक पाय जमिनीवरून उचलला गेला. शहाण्या बाईने दोरी सैल केली असती. मी पायाखाली वीट सरकवली आणि आल्यागेल्याला सांगितलं की या घराची फरशीच वाकडी आहे. मामंजी बिचारे फरशी बघत बसायचे.

तर अशी ही तज्ज्ञ बाई त्या दुपारी नात कॉलेजला गेल्यावर कामाला लागली. तिच्या पिशवीतून स्पोकची चावी काढली. गोधडी अंथरून सायकल उलटी केली आणि धाकट्या जाऊबाईंना धरायला बसवलं. त्या नरडाण्याकडच्या, चार दिवस राहायला आल्या होत्या. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "अक्का, हाई चाक शे, बाज नई."

मी म्हटलं, "तुम्ही नुसतं धरा."

प्रत्येक स्पोकला पीळ दिला. मग बोटाने छेडून बघितलं. टण्ण. फार गोड वाटलं. म्हणून आणखी पीळ दिला. चाक फिरवलं तर ते सरळ फिरलं, निदान मला तरी सरळ दिसलं. चष्मा आत राहिला होता. ताण जितका जास्त तितकी मजबुती, हा माझा आयुष्यभराचा सिद्धांत अखेर रबराच्या टायरवर सिद्ध झाला, असं वाटून मी चहा टाकला.

नात संध्याकाळी आली आणि सायकल घेऊन एक चक्कर मारायला निघाली. मी फाटकात उभी राहून शाबासकीची वाट बघत होते. कॉलनीच्या वळणावर ती झुकली, कड्कन आवाज झाला आणि रिंग दुमडली. तळणीत टाकलेला पापड जसा एका क्षणात वळतो, तशी. नात कोपरावर घसरली. धावत गेले तेव्हा ती रक्त पुसत नव्हती. एक स्पोक दोन बोटांत धरून दाबून बघत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं. मला वीट सरकवायला जागा नव्हती.

तशी मी रस्त्यावरच्या खड्ड्याचं नाव घेऊन बघितलं. जाऊबाई मागे उभ्या होत्या, त्या खोकल्या.

सकाळच्या निवडीसाठी मैत्रिणीकडून सरावाचं चाक मिळालं. भरपूर स्पोकांचं, जाड रिंगेचं. अगदी माझ्या मनासारखं चाक: कितीही जोर लावा, लवायचं नाव नाही. फक्त उचलायला जात्याच्या पाळीसारखं जड. घाटात ते कुठेही घासलं नाही. नात मात्र शेवटच्या चढावर मागे पडली, आणि संघात घेतलेल्या शेवटच्या मुलीच्या पाठोपाठ वर पोचली. यादी तिच्या आधी संपली.

त्यानंतर मी प्रायश्चित्त सुरू केलं. तेही माझ्या पद्धतीने, म्हणजे जमेल तितक्या लोकांसमोर. शेजारणीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, पाचोऱ्याच्या बहिणीला फोन करून सांगितलं, की पोरीचं वर्ष माझ्यामुळे गेलं. प्रत्येक वेळी गोष्ट थोडी वाढायची. पाचोऱ्याला पोचेपर्यंत नात संघात पहिलीच येणार होती आणि रडून रडून मला ताप आला होता. बहीण पलीकडून "नाही गं, तुझा काय दोष" म्हणायची. ते ऐकायला बरं वाटायचं, म्हणून मी पुन्हा फोन लावायची.

अशाच एका फोनच्या मध्ये नात खोलीत आली. कोपराला पट्टी, हातात ते उसनं चाक, परत द्यायला निघालेली. माझं बोलणं संपेपर्यंत थांबली. मी फोन ठेवला, पदराने डोळे टिपले आणि म्हटलं, "सगळ्यांना सांगते आहे गं, माझ्यामुळे हरलीस म्हणून."

ती म्हणाली, "आजी, हरले मी. निदान त्यात तरी मला पुढे राहू दे."