मालकांचा हात कशासाठी वर गेला

केरबा हंबीररावांचा सालगडी. बाप ज्या गोठ्याकडेच्या खोलीत मेला, त्याच खोलीत याचाही संसार. हंबीरराव तीनदा पंचायत समितीवर निवडून आलेले. गोरगरिबांचं नाव घेतल्याशिवाय त्यांचं भाषण संपत नसे.

१९९८ साली सालगड्यांना गायरानात घरापुरती जागा द्यावी, असा ठराव समितीपुढं आला. केरबाला स्वतःचं दार हवं होतं. मालकांचा डबा घेऊन तो तालुक्याला गेला, तेव्हा सभेत मतांची मोजणी चालू होती. खिडकीतून त्याला मालकांचा वर गेलेला हात दिसला. त्याचा ऊर भरून आला.

परतताना जीपमध्ये मालक म्हणाले, "ठराव पडला रं. माणसं कमी पडली."

"तुमी हात वर केलासा की. मी बघितलं न्हवं."

मालक जरा थांबले. "व्हय की. तुझ्यासाठीच."

ते थांबणं केरबाच्या डोक्यातून जाईना. बोलताना कधी न अडणारा माणूस अडला कशाला? शिवाय शेजारी बसलेले समितीतले गणपतराव, त्यांचाही हात वर होता. गड्याला घर दिलं की तो डोक्यावर बसतो, असं हे गणपतराव मलकापूरच्या बाजारात उघड बोलायचे.

पाडव्याला चार दिवस उरले होते. त्या दिवशी मालकाला होकार दिला, की गडी सालभर अडकला. बायको धोंडुबाई म्हणाली, "नुसतं कुढून काय हुतंय? बायडाक्काला इचारा."

बायडाबाई राखीव जागेवरून समितीत गेलेली. ठराव तिनंच मांडला होता. केरबानं जाऊन तिला सगळं सांगितलं.

"हात कवा वर गेला त्येचा?"

"म्हंजे?"

"आरं खुळ्या, हात दोनदा मोजत्यात. आधी हवं म्हणणाऱ्यांचं, मग नको म्हणणाऱ्यांचं. पयल्यांदा आमी तीन बायकाच हुतो. एक मिशीवाला न्हवता त्यात!"

तरी केरबाला पटेना. हिचं मालकांशी वाकडं. ही तरी खरं कशावरून बोलते? तेव्हा तिनं सभांच्या इतिवृत्तांची चळत त्याच्यापुढं टाकली. चौथी शिकलेला केरबा बोट ठेवून वाचू लागला. वस्तीला विहीर: हंबीरराव विरोधात. वस्तीला वीज: विरोधात. मालकांच्या मळ्याचा रस्ता: बाजूनं. घरजागा: विरोधात.

सकाळी त्यानं मालकांना नकार सांगितला.

"कुणी फितवलं रं तुला?"

"मीच वाचलं, मालक."

बायडाबाईनं त्याला आपल्या घरामागच्या परड्यात छप्पर घालायला जागा देऊ केली. केरबा उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"आक्का, राग मानू नगा. त्येवढं कागदावर लिवून द्या."